पाण्याला बिचकणारे शिकारी पिल्लू

पाणपक्ष्यांच्या शिकारीत कुत्र्याचे खरे काम बंदुकीचा बार झाल्यानंतर सुरू होते. बदक पडते ते तळ्याच्या मध्यावर किंवा पलीकडच्या लव्हाळ्यात. पोहत जाऊन, दात न लावता ते उचलून आणणारा कुत्रा जवळ नसेल, तर मेलेला पक्षी वाया जातो आणि जखमी पक्षी लव्हाळ्यात दडून तडफडत मरतो. पाडलेला पक्षी शोधून ताब्यात घेण्याचा यथोचित प्रयत्न करणे अमेरिकेत शिकाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे ब्रिटन, जर्मनी आणि उत्तर अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या लेखी पोहणारा कुत्रा ही चैन नसून गरज आहे.

अशा घराण्यातले सात-आठ महिन्यांचे पिल्लू काठावर येऊन थबकते, पंजा भिजताच मागे सरते आणि मालकाने कितीही पुचकारले तरी पुढे येत नाही, तेव्हा उतावळा मालक दोन गोष्टी करतो. एक तर पिल्लाला कुचकामी ठरवून दुसऱ्याच्या पदरी टाकतो, नाही तर उचलून थेट पाण्यात फेकतो. पहिल्या प्रकारात पिल्लाचे घर सुटते. दुसऱ्या प्रकारात पाण्याविषयीचा त्याचा विश्वास बहुधा कायमचा उडतो. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पोहणे कुत्र्याला फारसे शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पायांनी पाण्यात शिरणे. हा फरक ध्यानात आला, की पुढचा मार्ग सोपा होतो.

जात पाण्याची, तरी भीती का?

पाण्याच्या कामासाठी माणसाने कित्येक जाती घडवल्या. आज घरोघरी दिसणाऱ्या लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या होड्यांवर राबत. जाळ्यातून निसटलेले मासे पकडणे आणि दोर ओढून आणणे ही त्यांची कामे होती. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडमध्ये पोहोचले, तेथील उमरावांनी शिकारीसाठी त्यांची जोपासना केली आणि 1903 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर या जातीला मान्यता दिली. 'रिट्रीव्हर' म्हणजे पडलेली शिकार उचलून आणणारा कुत्रा. गोल्डन रिट्रीव्हरचा उगम स्कॉटलंडमधील. तेथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी 1868 मध्ये पिवळसर रिट्रीव्हर आणि पाण्यात काम करणारी स्पॅनियल यांचा संकर केला. पूडल आज दिवाणखान्यात शोभत असला, तरी त्याचे नावदेखील पाणी उडवण्याच्या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे.

लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते. आतली लव दाट आणि ऊब धरणारी, बाहेरचे केस पाणी झटकणारे. बोटांमध्ये पातळ पडदा असतो आणि शेपूट पाणमांजरासारखी बुडाशी जाड असते. पण शरीर पाण्यासाठी घडलेले असले, तरी मनाला पाण्याची ओळख व्हावीच लागते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला व 1965 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या जडणघडणीत फार मोलाचा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. या काळात जे सहज आणि न घाबरता भेटते, ते पिल्लाला पुढे आपलेसे वाटते. जे भेटतच नाही, ते मोठेपणी संशयास्पद ठरते.

थंड प्रदेशातील अनेक पिल्लांचे दुखणे येथेच आहे. शरद ऋतूत जन्मलेले पिल्लू हिवाळा घरात काढते. तळी तेव्हा गोठलेली असतात. वसंतात ते पहिल्यांदा पाणी पाहते तेव्हा सहा-सात महिन्यांचे झालेले असते, आणि ते पाणीही बर्फ वितळून आलेले असते. अशा पिल्लाने मागे सरणे हा त्याच्या रक्ताचा दोष नव्हे, पंचांगाचा योगायोग आहे. पॉइंटर गटातील काही कुत्र्यांचे केस आखूड आणि अंग सडपातळ असते. त्यांना थंडी लवकर बोचते, म्हणून तेही अधिक वेळ घेतात.

पोहताना कुत्रा काय करतो?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील प्राध्यापक फ्रँक फिश यांनी निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचे पोहताना पाण्याखालून चित्रण केले आणि 2014 मध्ये आपली निरीक्षणे मांडली. कुत्र्याचे पोहणे हे जमिनीवरच्या दुडक्या चालीशी मिळतेजुळते असते, असे त्यांना आढळले. कर्णातले दोन पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, जोडीने चालतात. फक्त पाण्यात त्यांचा फेर अधिक मोठा होतो. ज्याला धावता येते, त्याला पोहण्याची हालचाल मुळातच अवगत असते, असा याचा साधा अर्थ.

मग नवखे पिल्लू गटांगळ्या का खाते? भीतीने ते मान आणि छाती पाण्याबाहेर काढू पाहते. त्यामुळे मागचा भाग खाली जातो आणि शरीर उभे होते. पुढचे पंजे पाण्याच्या वर येऊन थपाथपा आपटतात, पाणी डोळ्या-नाकात उडते आणि भीती आणखी वाढते. शेपूट व कंबर वर आली, पाठ पाण्याच्या पातळीशी आडवी झाली, की हेच पिल्लू शांतपणे पुढे सरकू लागते. तेव्हा शिकवणाऱ्याचे काम एवढेच, की पिल्लाला आडवे होण्यापुरता धीर मिळावा.

भीतीची आठवण

पूर्वी आपल्याकडे गावोगावी मुलांच्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून त्यांना विहिरीत सोडत. कधी काठावरून ढकलूनही देत. 'पडला की पोहतो' हा न्याय कुत्र्यालाही लावावा, असे कोणाला वाटेल. पण मुलाला पुढे काय होणार ते ठाऊक असते, काका-मामा पाण्यात उभे दिसतात आणि आठवड्याभरात आपण पोहू अशी आशाही असते. कुत्र्याला यातले काहीच समजत नाही. ज्याच्यावर सर्वांत अधिक विश्वास, त्याच हातांनी आपल्याला संकटात लोटले, एवढेच त्याच्या ध्यानात राहते.

अशी आठवण किती खोल रुतते, याचा एक नमुना शास्त्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. सप्टेंबर 1924 मध्ये रशियातील लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला आणि शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या कोठड्यांत पाणी शिरले. कुत्र्यांना मोठ्या प्रयासाने, पोहवत बाहेर काढावे लागले. ते वाचले, पण त्यांतील काहींमध्ये महिनोन्महिने शिकवून रुजवलेल्या सवयी लोपल्याचे दिसून आले. कालांतराने त्या पूर्ववत झाल्या. त्यानंतर एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडण्यात आली, तेव्हा तो पुन्हा अस्वस्थ झाला आणि त्याची शिकवण पुन्हा विस्कटली. हे कुत्रे पोहू शकत होतेच. पोहता येणे आणि पाण्याविषयी निर्धास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आधी निदान

काठावर थबकणाऱ्या प्रत्येक पिल्लाची अडचण सारखी नसते. शेपूट पोटाखाली, कान मागे दाबलेले, अंगाचा भार मागच्या पायांवर, वारंवार ओठ चाटणे, अवेळी जांभया देणे आणि मालकाची नजर चुकवणे ही भीतीची लक्षणे होत. अशा पिल्लाला काही दिवस पाण्यापासून दूरच ठेवावे आणि नंतर अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.

काठाने येरझारा घालणारे, कुईंकुईं करत पाण्यातल्या वस्तूकडे झेपावू पाहणारे, पण शेवटच्या क्षणी थांबणारे पिल्लू वेगळे. त्याची इच्छा आहे, केवळ तळ सुटण्याचा अनुभव नाही. हे पिल्लू लवकर शिकते. तिसरा प्रकार शारीरिक त्रासाचा. कान दुखत असेल, खुब्याच्या किंवा कोपराच्या सांध्यात दोष असेल, तर पिल्लू पाणी टाळते. आधी आनंदाने पाण्यात जाणारे पिल्लू एकाएकी नाकारू लागले, तर प्रथम पशुवैद्याला दाखवावे.

जागा आणि वेळ

पहिल्या धड्यासाठी तळ्याचा काठ हळूहळू उतरत जाणारा असावा. तळ वाळूचा किंवा बारीक खडीचा, पायाखाली घट्ट वाटणारा असावा. चिखलात पाय रुतला किंवा पाणवनस्पती पायाला गुंडाळल्या, की पिल्लू दचकते. एकदम खोल होणारा काठ, वाहती नदी, मासेमारीचे गळ पडलेली जागा आणि माणसांची वर्दळ टाळावी. पाणी पुरेसे उबदार आहे की नाही, याची परीक्षा मालकाने स्वतःवर करावी. ज्या पाण्यात आपल्याला गुडघाभर उभे राहून पाच मिनिटे काढवत नाहीत, तेथे पिल्लाकडून आनंदाची अपेक्षा ठेवू नये. दुपारचे ऊन, पिल्लाच्या अंगात खेळण्याची खुमखुमी आणि पोट हलके, ही वेळ उत्तम. गळ्यातील साखळी काढून ठेवावी. ती फांदीत किंवा मुळीत अडकू शकते.

पायरीपायरीने पाण्यात

पहिले काही दिवस 'धडा' हा शब्दच विसरावा. फिरायला जाताना वाटेतले डबके, उथळ ओढा ओलांडत जावे. मालकाने न थांबता, मागे न वळता, पिल्लाला हाका न मारता चालत राहावे. मागे एकटे राहण्यापेक्षा पंजे भिजलेले बरे, असे बहुतेक पिल्ले स्वतःच ठरवतात. त्यानंतर गुडघाभर पाण्यातून चालावे. येथे मालकानेही भिजायला हवे. कोरड्या काठावर उभे राहून पिल्लाला पाण्यात जा म्हणणे म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पोहणारा, शांत स्वभावाचा मोठा कुत्रा सोबत असेल तर निम्मे काम तोच करतो. मात्र तो दांडगाई करणारा, पिल्लाच्या अंगावर चढणारा नसावा. पाण्यात पहिल्याच दिवशी कोणी वरून दाबले, तर शिकारीचा सगळा हंगाम ती धास्ती निस्तरण्यात जातो.

पुढची पायरी खेळण्याची. कापडी किंवा प्लॅस्टिकची, पाण्यावर तरंगणारी नळकांडी शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणात सर्रास वापरतात. तिला 'डमी' म्हणतात. डमी उचलून आणण्याची आवड आधी जमिनीवर पक्की करावी. पिल्लू तिच्यासाठी वेडे झाले, की ती पाण्याच्या कडेला, मग पंजाभर पाण्यात, मग पोटाला पाणी लागेल इतक्या अंतरावर टाकावी. सर्वांत नाजूक टप्पा येतो तो तळ सुटण्याचा. येथे डमी अशी पडावी, की उभ्याने ती हातभर दूर राहील आणि दोन-तीन हात मारताच तोंडात येईल. ती मिळाली, की त्या दिवशीचा खेळ तेथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशी अंतर कुत्र्याच्या एका लांबीएवढेच वाढवावे. एका वेळी तीन-चार फेका पुष्कळ झाल्या. पिल्लाला आणखी हवे असताना थांबणे, हे या शिक्षणातले सर्वांत अवघड पथ्य आहे आणि ते मालकाने पाळायचे आहे.

इतके करूनही जे पिल्लू तळ सोडत नाही, त्याच्यासाठी मालकाने कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे आणि पिल्लू स्वतः जवळ येईल तेव्हा त्याच्या पोटाखाली एक हात व मांड्यांपाशी दुसरा हात देऊन मागची बाजू वर धरावी. तोंड काठाकडे ठेवावे, म्हणजे प्रत्येक हात मारल्यावर जमीन जवळ येताना दिसते. पाठीवर मूठ असलेले कुत्र्यांसाठीचे तरंगते जाकीट मिळते. तेही कंबर वर ठेवण्यास मदत करते. घाबरलेले पिल्लू माणसाच्या खांद्यावर चढू पाहते आणि नखांनी ओरबाडते. म्हणून समोर न राहता बाजूला राहावे. दुसरा उपाय अरुंद, संथ पाटाचा किंवा तळ्याच्या चिंचोळ्या टोकाचा. मालक पलीकडे जाऊन शांतपणे चालू लागतो, आणि त्याला गाठण्यासाठी पिल्लाला पाच-सात फुटांचे खोल पाणी पार करावे लागते. अर्थात वळसा घालून जाण्याची वाट तेथे नसावी, आणि पिल्लू खरोखर घाबरले तर मालकाने स्वतः परत यावे.

बंदुकीचा आवाज आणि पाणी यांची ओळख एकाच दिवशी करून देऊ नये. आवाजाने दचकलेले पिल्लू दोष पाण्याला देते. दोरी लावून ओढणे, रागावणे, इतरांपुढे हिणवणे यांतून एकही कुत्रा पोहायला शिकत नाही.

परीक्षेची कसोटी

अमेरिका व कॅनडात 1969 साली स्थापन झालेली नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन ही संस्था तरुण शिकारी कुत्र्यांच्या उपजत गुणांची चाचणी घेते. सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांना तीत पूर्ण गुण मिळवता येतात. वास घेणे, शोध, माग काढणे यांबरोबर पाण्याची तयारीही पाहिली जाते. कुत्रा किती वेगाने वा किती दूर पोहतो, यापेक्षा तो आपण होऊन पाण्यात उतरतो का, हे परीक्षक पाहतात. जबरदस्तीने पाण्यात घातलेला कुत्रा नेमका येथेच उघडा पडतो, कारण अनोळखी तळ्याच्या काठावर, परीक्षकांसमोर, त्याला ढकलणारे कोणी नसते. शिकारीच्या पहाटेही स्थिती हीच असते.

पोहून झाल्यावर

पोहण्याचा व्यायाम पळण्यापेक्षा जास्त दमवतो आणि उत्साही पिल्लाला थांबण्याचे भान नसते. तोंड उघडे ठेवून पुनःपुन्हा डमी आणणाऱ्या कुत्र्याच्या पोटात बरेच पाणी जाऊ शकते. त्यामुळे रक्तातील सोडियम घटले, तर उलट्या, झोकांड्या, पोट फुगणे, सुस्ती अशी लक्षणे दिसतात आणि ती जिवावर बेतू शकतात. अशा वेळी विलंब न करता पशुवैद्य गाठावा. थंड पाण्यात फार वेळ पोहलेल्या कुत्र्याची शेपूट कधी कधी दुसऱ्या दिवशी लुळी पडते. ती दुखते, पण विश्रांतीने बहुधा काही दिवसांत बरी होते. लोंबत्या कानांत ओल राहून संसर्ग होतो, म्हणून कान कोरडे करावेत. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी-निळी साय दिसली, तर कुत्र्याला तेथे उतरवूच नये. काही नील-हरित शेवाळांचे विष कुत्र्याला थोडक्या वेळात मारू शकते.

आपल्याकडील श्वानपालकांसाठी

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राणी-पक्ष्यांची शिकार निषिद्ध आहे. तेव्हा येथे या शिक्षणाचा हेतू शिकार नसून व्यायाम, खेळ आणि सुरक्षितता हाच असायला हवा. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत वाढणारे लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर चटकन वजन वाढवतात. सांध्यांवर भार न टाकता होणारा पोहण्याचा व्यायाम त्यांना मानवतो. मात्र मराठवाड्यातल्या कारवानीसारखे सडपातळ, वेगाने धावणारे शिकारी कुत्रे पाण्यासाठी घडवलेले नाहीत. अंगात चरबी कमी असल्याने त्यांना तरंगण्यास अधिक श्रम पडतात. त्यांच्याकडून लॅब्रॅडॉरची अपेक्षा करू नये. आखूड नाकाच्या पग, बुलडॉग यांना तर खोल पाणी धोक्याचेच.

पावसाळ्यातील साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यांना व माणसांनाही होतो. त्यावरील लस कुत्र्याला नियमित दिलेली असावी आणि लस दिली असली तरी डबकी टाळावीत. त्याहून मोठा धोका शेततळ्यांचा. प्लॅस्टिकच्या कागदाने मढवलेल्या उतारावर ओले पंजे टिकत नाहीत. उत्तम पोहणारा कुत्राही तेथून बाहेर येऊ शकत नाही आणि दमून बुडतो. पायऱ्या नसलेल्या विहिरीचेही तेच. शेतावर राहणाऱ्या कुत्र्याला पाण्यात शिरण्याइतकेच पाण्यातून बाहेर पडण्याची वाट शोधणे शिकवावे, आणि शेततळ्याला कुंपण घालून आत गाठी मारलेला जाड दोर किंवा जाळी सोडून ठेवावी. तिचा उपयोग माणसांनाही होतो.

सगळे उपाय करूनही एखादे पिल्लू पाण्याशी सलगी करत नाही. दोन हंगाम धीराने प्रयत्न झाल्यावर तसे दिसले, तर त्याला जमिनीवरची कामे द्यावीत. माग काढणे, शोधणे, राखण करणे यांत ते कदाचित इतरांपेक्षा सरस ठरेल. पण असे पिल्लू विरळा. बहुतेकांना हवा असतो तो उबदार दुपारचा वेळ, पायाखाली घट्ट तळ आणि त्यांच्याआधी पाण्यात उतरलेला मालक.